तेलाचा भाव किलोतच छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात बाजारभावाची जी चौकट येते, ती मी सकाळी चहाबरोबर सगळ्यात आधी वाचते. मग निधनवार्ता, मग राजकारण. चकली, चिवडा, शेव, शंकरपाळी करून विकणाऱ्या बाईचा पेपर वाचायचा क्रम हाच असणार. एकवीस वर्षं झाली, कराडात हा उद्योग करते आहे. घरात मी, सून आणि हाताखाली तीन बायका. दिवाळीच्या महिन्यात त्या तिघींच्या सात होतात. तेल हा आमचा सगळ्यात मोठा खर्च, बेसनापेक्षा मोठा, गॅसपेक्षा तर कितीतरी. त्यामुळे सराफाची जशी सोन्याच्या भावावर, तशी माझी नजर तेलाच्या ओळींवर.

गेल्या आठवड्यात त्या चौकटीत तीन ओळी एकाखाली एक होत्या. शेंगतेलापुढे '१५ किलो', सूर्यफुलापुढे '१५ लिटर' आणि सरकीपुढे नुसतंच 'डबा'. सुनेने विचारलं, "आई, सूर्यफूल उतरलं का?" मी म्हटलं, "थांब, आधी कागद-पेन्सिल आण." बाजारभाव वाचायला कागद-पेन्सिल लागावी हे काही बरं नाही. मी तो हिशोब करते, कारण मला एकदा त्याची चांगली अद्दल घडली आहे.

अद्दल अशी. आमच्या नेहमीच्या दुकानात शेंगतेलाचा १५ किलोचा डबा २,७०० रुपयांना होता. त्याच्याच शेजारी तसाच पत्र्याचा डबा, वर तसंच शेंगांचं चित्र, किंमत २,५५०. दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, हा घ्या, दीडशे वाचतील." डब्यावर १५ चा आकडा लांबून दिसेल एवढा मोठा, त्यापुढचं 'लि.' बारीक, आणि माझा चष्मा घरी. चार डबे उचलले. सहाशे रुपये वाचले या आनंदात रिक्षावाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही.

चार डब्यांत किती माल निघतो हे मला तोंडपाठ आहे. या वेळी दोन दिवस आधीच झारा तळाला लागला. मुलींना विचारलं, तेल सांडलं का कुठे? बिचाऱ्या शपथा घ्यायला लागल्या. शेवटी त्याच जातीचा पाचवा डबा आणला, न फोडता काट्यावर ठेवला, आणि संपल्यावर रिकामा परत ठेवला. आतलं तेल निघालं १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे डब्यामागे १ किलो ३५० ग्रॅम कमी. किलोला १८० रुपयांनी ते झालं २४३ रुपयांचं. वाचवले दीडशे, घालवले दोनशे त्रेचाळीस. चार डब्यांत ३७२ रुपये मी हसतहसत देऊन आले होते.

दुकानदाराची यात लबाडी नाही, हे आधीच सांगते. डब्यावर सगळं छापलेलं होतं, १५ लिटरच्या खाली १३.६५ किलो असंही होतं. फसवलं ते माझ्याच डोक्यातल्या समजुतीने, की लिटर म्हणजे किलो.

ही समजूत पाण्याने लावून दिली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे आपण शाळेत शिकलो आणि पातळ दिसेल त्या प्रत्येक वस्तूला ते लावून मोकळे झालो. माझ्या दिराचा ओगलेवाडीकडे गोठा आहे, त्याला विचारा. दूध पाण्यापेक्षा जड, लिटरभर दूध काट्यावर १ किलो ३० ग्रॅम भरतं. काट्याने शंभर किलो दाखवले तर लिटरात ते सत्त्याण्णवच. गवळ्याला हे झोपेतही सांगता येतं, कारण त्याचे पैसे त्यात अडकलेले असतात. तेलाचं याच्या उलट. ते पाण्यावर तरंगतं, तेव्हाच आपण हलके आहोत हे त्याने सांगून टाकलेलं असतं. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, सरकी, करडई, कुठलंही घ्या, थोड्याफार फरकाने लिटरला ९१० ते ९२० ग्रॅम.

आमच्या बायकांना मी तोंडी हिशोब असा शिकवला आहे. लिटरचे किलो करताना शेकडा नऊ काढा, किलोचे लिटर करताना शेकडा दहा घाला. पाच लिटरचा कॅन म्हणजे ४ किलो ५५० ग्रॅम. १५ किलोचा डबा म्हणजे जवळजवळ साडेसोळा लिटर. "जाताना नऊ आणि येताना दहा, हे कसं काय?" असं आमच्यातली एक जण विचारते. शंभरातून नऊ गेले की एक्क्याण्णव उरतात. त्यांचे परत शंभर करायचे तर एक्क्याण्णवाचे जवळजवळ दहा टक्के लागतात. ज्याचा पगार एकदा कापून मग तेवढ्याच टक्क्यांनी वाढवला असेल, त्याला हे लगेच कळतं.

माझ्या सासूबाई १९६१ साली लग्न होऊन या घरात आल्या. देशात १९५८ पासून शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम यायला लागले होते आणि ६२ पर्यंत नवी मापं सक्तीची झाली, म्हणजे त्यांचा संसार बरोबर त्या खिंडीत सुरू झाला. त्यांची वही अजून माझ्याकडे आहे, तेलकट, कोपरे कुरतडलेली. तिच्यात धान्य पायली, मापटं, चिपट्याने आहे, पण तेल प्रत्येक ठिकाणी तोलून. चकलीचं सूत्र एका ओळीत, 'शेराला नवटाक मोहन'. वजनी शेर म्हणजे ८० तोळे, आजचे ९३३ ग्रॅम, आणि नवटाक म्हणजे त्याचा आठवा हिस्सा. शेर गेला आणि किलो आला, तरी त्यांची चकली बिघडली नाही, कारण भाजणीही काट्यावर आणि तेलही काट्यावर. आठाला एक हे प्रमाण शेरात जेवढं खरं तेवढंच किलोत. किलोला सव्वाशे ग्रॅम, विषय संपला. मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा, शेरभर ज्वारी ज्या भांड्याने मोजतो त्याने शेरभर तेल मोजायचं नाही, हे त्या पिढीतल्या शाळा न पाहिलेल्या बायकांनाही ठाऊक असायचं.

मी शाळा पाहिलेली, म्हणून माझ्याकडून चूक झाली. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत ऑर्डरी वाढल्या. काटा एकच, तो दिवसभर पॅकिंगला गुंतलेला. म्हणून मोहनासाठी मी २५० मिलिलिटरचं स्टीलचं माप आणून दिलं. दोन किलो भाजणीला एक माप, सासूबाईंच्या सूत्रात बरोबर बसतं असं मला वाटलं. हाताखालची मुलगी चलाख. आधी थंड तेल मोजा आणि मग तापवा यात वेळ जातो म्हणून तिने कढईत तेल एकदम कडकडीत तापवून ठेवलं आणि त्यातूनच माप भरभरून भाजणीवर ओतत गेली.

त्या दिवशीच्या चकल्या अशा निघाल्या की एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, "ताई, दातांच्या डॉक्टरकडून काही कमिशन मिळतं का?" मी आधी भाजणीला दोष दिला, मग गिरणीवाल्याला. तांदूळ जास्त पडला का, डाळ कमी भाजली गेली का, सगळं पाहून झालं. रात्री काटा मोकळा झाल्यावर तेल तोललं. ते माप थंड तेलाचं भरलं २२८ ग्रॅम. तेच कढईतल्या कडकडीत तेलाचं भरलं दोनशेच्या किंचित वर. हवे होते २५०. म्हणजे दर घाण्याला जवळजवळ पाचातला एक हिस्सा मोहन कमी. त्यातला निम्मा घोटाळा ग्रॅमच्या जागी मिलिलिटर धरल्याचा, बाकीचा तेल तापवून मोजल्याचा. चौदा किलो चकली आम्ही घरातच खाल्ली, आल्यागेल्याला दिली, आणि गिऱ्हाइकाला नवी करून पाठवली.

तापलं की तेल फुगतं हे स्वयंपाक करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. पण फुगलेलं तेल मापात वजनाला कमी बसतं, हे मात्र चटकन सुचत नाही. दर दहा अंशांना लिटरमागे सुमारे सात ग्रॅम असा तो फरक पडतो. वजनाला याचं सोयरसुतक नाही. माझी नणंद मालवणला असते. थंडीत तिच्याकडचं खोबरेल बाटलीत थिजून बसतं, खाली गेल्यासारखं दिसतं, ती म्हणते कमी झालं. काट्यावर ठेवलं की जेवढ्यास तेवढं.

हे फुगण्याचं प्रकरण माझ्या कढईपुरतं नव्हतं, म्हणून तर लिहिते आहे. तेलाच्या पिशव्यांवर पूर्वी '१ लिटर'च्या पुढे एखादं तापमान छापलेलं असायचं, काहींवर ते चक्क ६० अंशांपर्यंत गेलेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २५ ऑगस्ट २०२२ रोजी उत्पादक, पॅकिंगवाले आणि आयातदार यांना सांगितलं की लिटरपुढे तापमान लिहू नका आणि लिटरबरोबर वजनही लिहा. लेबलं सुधारायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. तेव्हा दिलेलं उदाहरण मी सासूबाईंच्याच वहीत मागच्या पानावर टिपून ठेवलं आहे. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. म्हणजे पिशवीवर '६० अंशांना एक लिटर' असं छापलं की सव्वीस ग्रॅम कमी घातले तरी शब्द खरा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तरी साठ अंशांचं तेल कोणाच्या फळीवर असतं ते मला दाखवा. लेबलावर वजन आलं आणि ही वाट बुजली. त्या विभागाचे मी मनापासून आभार मानते, सरकारचे आभार मानायची वेळ तशी क्वचित येते.

पिशव्यांची दुसरी गंमत अजून चालू आहे. पूर्वी पाकीटबंद तेल ठराविक मापांतच विकायची सक्ती होती, २००, ५००, एक, दोन, पाच अशी. ती सक्ती २०२१ च्या दुरुस्तीने काढून टाकली. आत्ता माझ्यासमोर दोन पिशव्या आहेत, दिसायला जुळ्या बहिणी. एकीवर १ लिटर आणि खाली ९१० ग्रॅम, किंमत १६५ रुपये. दुसरीवर ८५० ग्रॅम, १५८ रुपये. सात रुपयांनी स्वस्त म्हणून गल्लीतल्या सगळ्या दुसरी घेतात. किलोने काढलं तर पहिली पडते १८१ ला आणि दुसरी १८६ ला. पाकिटावर एककाची किंमत छापायचा नियम आला आहे खरा, पण एकीवर ती मिलिलिटरला ०.१७ रुपये आणि दुसरीवर ग्रॅमला ०.१९ रुपये. पंचवीस पैशांचं नाणंसुद्धा २०११ साली बंद झालं, आणि आम्ही हातात भाजीची पिशवी घेऊन सतरा पैसे आणि एकोणीस पैशांचा निवाडा करायचा, तोही एक मापातले आणि दुसरे वजनातले.

लग्नाच्या हंगामात हेच निराळ्या तऱ्हेने होतं. आचारी यादीत 'तेल ४ डबे' लिहून देतो. त्याच्या मनात जुना १५ किलोचा डबा. यजमान स्वस्त बघून १५ लिटरचे आणतो. चार डब्यांत पाच किलो चारशे ग्रॅम तेल कमी आलेलं असतं आणि संध्याकाळच्या पंगतीला भज्यांची कढई कोरडी पडते. मग आचारी तेल पळवतो असं बोललं जातं. काही पळवत असतील, पण सगळे नाही.

आमच्या ओळखीच्या लाकडी घाण्यावर मात्र हा घोळ मी कधी पाहिला नाही. आपले शेंगदाणे घेऊन गेलं की अडीच किलोला साधारण एक किलो तेल निघतं, पेंड वेगळी. तो दाणे तोलतो, तेल तोलतो आणि पेंडही तोलतो, तिन्ही एकाच काट्यावर. बेरीज जुळली नाही तर तिथल्या तिथे विचारता येतं. मध्ये लिटर आलं की ही बेरीज मांडताच येत नाही. खरं तर तेलाचा सगळा व्यापार वजनातच बोलतो. शेतकऱ्याचं सोयाबीन क्विंटलने जातं, बाहेरचं पामतेल टनाने येतं, मुंबईच्या घाऊक बाजारात रिफाइंडचा भाव दहा किलोला फुटतो. एवढी सगळी वाट किलोत चालून आलेलं तेल आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन लिटर होतं. ज्यांना वजनाचे लिटर आणि लिटरचं वजन करायची सवय आहे, माणसं आहेत, यंत्रं आहेत, ते कोणी ते करत नाहीत. ते करायचं गिऱ्हाइकाने, चष्मा घरी विसरून.

लिटर हे माप वाईट असं मी म्हणत नाही. रोजचा स्वयंपाक पळी, वाटी, चमच्यानेच होतो आणि व्हावा. पंधरा मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात साडेतेरा ग्रॅम तेल बसतं, आणि फोडणीला तेवढा दीड ग्रॅम कोण मोजत बसतो? चार माणसांच्या भाजीत या नऊ टक्क्यांनी काही होत नाही. होतं ते डब्याने तेल घेणाऱ्याचं, खानावळवाल्याचं, वडापावच्या गाडीचं, बचत गटात चिवड्याचा दर ठरवणाऱ्या बायकांचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायका खर्चाच्या कागदावर तेलाचा भाव लिटरने लिहितात आणि वापर किलोने. किलोमागे सोळा-सतरा रुपये तिथेच गळतात, आणि मग म्हणतात, दिवसभर राबून हातात काही उरत नाही.

आणखी एक, आपल्या पुरवणीविषयी. कैरीच्या लोणच्याची पाककृती छान होती, मेथीचं प्रमाणही योग्य. पण साहित्यात 'तेल १ किलो (१ लिटर)' असं छापलं होतं. त्यातला कंस चुकला. किलोच्या जागी लिटर घेतलं तर नव्वद ग्रॅम तेल कमी पडतं, आणि लोणच्यावर बोटभर थर राहिला नाही तर पावसाळ्यात बुरशी ठरलेली. मला दोघींचे फोन आले, किलो घेऊ का लिटर? मी म्हटलं, कंसाकडे बघू नका, बरणीत वर आलेल्या तेलाकडे बघा. हे ज्यांना फोनवर विचारायला कोणी नसेल, त्यांच्यासाठी पुरवणीत एका ओळीची दुरुस्ती द्यावी.

आणि बाजारभावाच्या चौकटीत सगळ्या तेलांचे भाव किलोने छापावेत. बाजारातून १५ लिटरच्या डब्याचा भाव आला तर त्याला १३.६५ ने भागलं की किलोचा निघतो. माझ्या त्या २,५५० च्या डब्याचे १८७ होतात, म्हणजे शेजारच्या १८० वाल्याहून सात रुपये महाग, हे चौकटीतच दिसलं असतं. आपल्या कार्यालयात हे दुपारी दोन मिनिटांचं काम आहे. जागेची अडचण सांगाल, तर सरकीपुढचा 'डबा' काढा, 'किलो' तेवढ्याच जागेत बसतं.

कळावे,
आपली एक वाचक,
फराळवाली, शनिवार पेठ, कराड